चारशे चाळीस मापं की एकच माप? रेडिओमिक्सचा गाजलेला पेपर पुन्हा वाचूया

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सीटी स्कॅनवरून डोकं-मानेच्या कर्करोगाचा अंदाज बांधणं, हा विषय तुम्ही सिनॉप्सिससाठी घेतलात, तर पहिल्याच पानावर एक संदर्भ येणार हे नक्की. ह्यूगो आर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला २०१४ चा पेपर. रेडिओमिक्स हा शब्द घरोघरी नाही, पण विभागोविभागी पोचवला तो याच पेपरनं. त्याचा संदर्भ देणं सोपं आहे, तो नीट वाचणं जरा कष्टाचं. आज आपण तो वाचूया. पाच वर्षांनी त्याचं काय झालं तेही पाहूया, आणि मग यवतमाळच्या रुग्णाला त्याचा काय उपयोग, हा आपला प्रश्न विचारूया.

हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. २०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आहेत. विदर्भात याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा चौकाचौकात मिळतो. वणी, पुसद, उमरखेड, कुठलाही स्टँड घ्या. खर्रा गालात धरून ठेवला जातो आणि रोगही तिथेच होतो : गालाच्या आत, गाल आणि हिरडीमधल्या खाचेत. ही जागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीटी नेमकं काय दाखवतं

पेपरकडे वळण्याआधी सीटीचं रोजचं काम थोडक्यात बघू. तोंडाच्या कर्करोगात डॉक्टर सीटीकडून तीन-चार गोष्टी मागतात. ट्यूमर जबड्याच्या हाडात शिरलाय का? गालाच्या कातडीपर्यंत आलाय का? मागे चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात गेलाय का? आणि मानेतल्या गाठी संशयास्पद दिसतात का? चावण्याच्या स्नायूंचा कप्पा, टेरिगॉइड प्लेट किंवा कवटीचा तळ गाठला असेल, तर टीएनएम वर्गीकरणात ट्यूमर टी-४-बी होतो आणि शस्त्रक्रियेचा सगळा विचारच बदलतो.

खर्रा खाणाऱ्या रुग्णाचं तोंड सबम्युकस फायब्रोसिसमुळे बऱ्याचदा उघडतच नाही. दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. अशा वेळी डोळ्यांनी आणि बोटांनी करायची तपासणी अपुरी पडते, आणि सीटीवरचा भार वाढतो.

हे सगळं रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनी बघून सांगतो. रेडिओमिक्सचं म्हणणं याच्या पुढचं आहे : डोळ्यांना न दिसणारी माहितीही चित्रात दडलेली असते, ती आकड्यांत काढा, आणि रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधा.

पेपर काय म्हणतो

एकूण १०१९ रुग्ण. फुप्फुसाच्या किंवा डोकं-मानेच्या कर्करोगाचे. प्रत्येकाच्या सीटीवर ट्यूमरची हद्द आखायची आणि त्या हद्दीतून ४४० मापं काढायची. ही मापं चार जातींची : करड्या छटांची तीव्रता, आकार, पोत, आणि वेव्हलेट गाळणीतून काढलेला पोत. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या ४२२ फुप्फुस-रुग्णांवर या मापांची छाननी झाली. त्यातून प्रत्येक जातीचं एक, अशी चार मापं निवडली आणि त्यांची मिळून एक 'सिग्नेचर' बनवली. मग ती बाहेरच्या रुग्णांवर लावून पाहिली. त्यांत डोकं-मानेचे दोन गट होते, मास्ट्रिख्टचे १३६ आणि ॲमस्टरडॅमचे ९५.

डोकं-मानेच्या दोन्ही गटांत सी-इंडेक्स ०.६९ च्या आसपास आला. सी-इंडेक्स म्हणजे काय? दोन रुग्ण घ्या आणि मॉडेलला विचारा, यातला जास्त कोण जगेल? नुसतं नाणं उडवलं तर शंभरातल्या पन्नास जोड्या बरोबर येतील, म्हणजे ०.५. इथे शंभरात साधारण एकोणसत्तर बरोबर आल्या.

पेपर गाजला तो या ०.६९ पेक्षा दुसऱ्या गोष्टीमुळे. सिग्नेचर तयार झाली फुप्फुसावर आणि चालली डोकं-मानेवर! दोन वेगळे अवयव, तरी तीच चार मापं कामाची. लेखकांनी यावरून म्हटलं की कर्करोगाचं काहीतरी सर्वसामान्य रूप सीटीत दिसतं आहे. ट्यूमरच्या आतल्या विविधतेशी, जनुकांच्या हालचालींशी त्याचा संबंध जोडला गेला.

आता थांबा. टीका कशी करायची हे इथे शिकायचं आहे. एखादा निकाल फारच सर्वव्यापी दिसला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा : या दोन्ही ठिकाणी सारखी असलेली सगळ्यात साधी गोष्ट कोणती? फुप्फुस असो की घसा, एक गोष्ट सगळीकडे खरी आहे. मोठा ट्यूमर वाईट.

कापसाची ट्रॉली

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा कोणी एक यंत्र बनवलं. ते कापसाच्या ट्रॉलीचा फोटो घेतं, त्यातून ४४० आकडे काढतं आणि शेतकऱ्याला एकूण चुकारा किती मिळेल ते सांगतं. बनवणारा म्हणतो, माझं यंत्र धाग्याची लांबी, चमक, काडीकचरा, सगळं ओळखतं. यवतमाळच्या बाजारात चाललं, आदिलाबादलाही चाललं.

खरंच चाललं असेल. पण जरा विचार करा. चुकारा सगळ्यात जास्त कशावर ठरतो? वजनावर. फोटोत ट्रॉली भरलेली दिसली की चुकारा जास्त. धाग्याची लांबी न कळताही यंत्राचं उत्तर बऱ्यापैकी जुळेल, आणि ते प्रत्येक बाजारात जुळेल, कारण वजनाचा नियम सगळीकडे एकच. यंत्र खोटं बोलत नाही. ते वजनकाट्याचं काम करतं आहे आणि स्वतःला ग्रेडर म्हणवतं आहे.

मग हे पकडायचं कसं? फोटोतल्या ढिगाची बाह्यरेषा तशीच ठेवा, आतले सगळे ठिपके मात्र पिसून टाका, पत्ते पिसतो तसे. धागा गेला, पोत गेला, राहिला फक्त ढीग. आता यंत्राला पुन्हा विचारा. उत्तर तितकंच चांगलं आलं, तर धाग्याचा दावा संपला.

टोरंटोची तपासणी

जवळपास हेच टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कर्करोग केंद्रातल्या मॅटिया वेल्च आणि सहकाऱ्यांनी केलं. त्यांचा पेपर २०१९ मध्ये 'रेडिओथेरपी अँड ऑन्कॉलॉजी'त आला. ट्यूमरच्या हद्दीतल्या व्होक्सेलच्या किमती त्यांनी अस्ताव्यस्त केल्या, मापं नव्यानं काढली आणि सिग्नेचर पुन्हा चालवली. निकाल बिघडला नाही. चारपैकी तीन मापं आणि त्यांच्यापासून बनलेलं मॉडेल ट्यूमरच्या आकारमानाची जागा घेऊन बसलेलं आहे, छटा आणि पोत यांचा अंदाजात खास वाटा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे का झालं, ते सूत्रातच दिसतं. चार मापांतलं एक होतं 'एनर्जी'. प्रत्येक व्होक्सेलच्या किमतीचा वर्ग करा आणि सगळ्यांची बेरीज घ्या, ही एनर्जी. सरासरी नाही, बेरीज. म्हणजे व्होक्सेल जितके जास्त, तितकी बेरीज मोठी. 'ग्रे लेव्हल नॉनयुनिफॉर्मिटी' हे पोताचं मापही असंच ट्यूमरच्या आकाराबरोबर वाढतं. नाव ऐकून वाटतं की हे ट्यूमरच्या आतली विषमता मोजतंय. नावावर जाऊ नका, सूत्र उघडून बघा.

आणखी एक गंमत आहे. मापं निवडताना २०१४ च्या लेखकांनी एक चांगली काळजी घेतली होती. काही मिनिटांच्या अंतरानं दोनदा स्कॅन केलेल्या ३१ रुग्णांवर, आणि अनेकांनी हद्द आखलेल्या २१ रुग्णांवर, जी मापं स्थिर राहिली त्यांना प्राधान्य दिलं. हे शास्त्रशुद्धच आहे. पण त्याचा एक आडपरिणाम बघा. काही मिनिटांत ट्यूमरचं आकारमान बदलत नाही. मग स्थिरतेच्या चाळणीतून सगळ्यात सहज कोण पार होणार? आकारमानाला चिकटलेली मापं! म्हणजे चांगल्या हेतूनं लावलेली चाळणीच नेमकी नको ती मापं पुढे आणू शकते. 'स्थिर' आणि 'नवी माहिती देणारं' हे दोन वेगळे गुण आहेत.

आणि हे दडवलेलं होतं का? नाही. आकारमानाशी तुलना २०१४ च्या पेपरमध्येच होती, आणि डोकं-मानेच्या गटांत दोघांमधलं अंतर लहान होतं. सारांशात 'सिग्नेचर सरस' दिसतं, तक्त्यात 'थोडीशी सरस' दिसतं. तक्ता वाचायची सवय लावा, ती याच्यासाठीच.

टीकेलाही तपासा

आता वेल्च यांची पद्धतही तितक्याच कडकपणे बघू, नाहीतर आपण फक्त बाजू बदलली असं होईल. व्होक्सेल पिसले तर एनर्जी बदलेल का? नाही. बेरीज कुठल्याही क्रमानं केली तरी तीच येते. आकाराचं माप बदलेल का? तेही नाही, कारण हद्द तशीच आहे. म्हणजे पिसण्याच्या चाचणीचा मारा प्रत्यक्षात पोताच्या दोन मापांवरच होतो. म्हणून ही चाचणी एकटी पुरत नाही. तिच्या जोडीला प्रत्येक मापाचा आकारमानाशी असलेला सहसंबंध बघावा लागतो आणि फक्त आकारमानाचं मॉडेल शेजारी उभं करावं लागतं. या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच वेल्च यांचा निष्कर्ष पक्का वाटतो.

यातून 'रेडिओमिक्स खोटं' असा अर्थ काढू नका. एक सिग्नेचर आकारमानाची सावली निघाली, एवढंच सिद्ध झालं. दुसऱ्या कुणाच्या मापांत खरी माहिती असू शकते, पण ती दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

आणि या प्रकरणातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. वेल्च यांना हे करता आलं, कारण २०१४ च्या लेखकांनी फुप्फुसाचा आणि डोकं-मानेचा मास्ट्रिख्टचा डेटा सगळ्यांसाठी खुला केला होता. शिवाय २०१९ च्या पेपरच्या लेखकांत एक नाव आहे ह्यूगो आर्ट्स यांचं. स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या कामाची उणीव दाखवणाऱ्या पेपरवर माणसानं सही केली! आपल्याकडे मार्गदर्शकाच्या पेपरवर प्रश्न विचारला तरी वातावरण तापतं. मूळ काम मोठं की त्यावरची टीका मोठी, हा वाद मला निरर्थक वाटतो. डेटा उघडा ठेवला म्हणून दोन्ही शक्य झालं.

यामध्ये आपला रुग्ण कुठे आहे?

आता यवतमाळ. समजा मॉडेल आकारमानाच्या पलीकडचं काही खरोखर सांगतं, तरी ते आपल्याकडे चालेल का? चार अडचणी मला दिसतात.

पहिली, रोगाची जागा. मास्ट्रिख्टच्या त्या गटातले ट्यूमर प्रामुख्यानं घशाचे आणि स्वरयंत्राचे, किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचे. आपल्याकडचा रोग गालाचा आणि हिरडीचा, आणि शक्य असेल तिथे पहिला उपचार शस्त्रक्रिया. पाश्चात्त्य देशांत घशाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणूचा मोठा हात असतो, आपल्या गालाच्या कर्करोगामागे तंबाखू आणि सुपारी. 'डोकं-मान' हे नाव दोघांना एकाच पेटीत टाकतं, पण हे दोन वेगळे रोग आहेत.

दुसरी, चित्र. गाल आणि हिरडी साध्या सीटीत एकमेकांना चिकटलेले दिसतात. ट्यूमर कुठून सुरू झाला आणि कुठवर आहे, कळत नाही. म्हणून रुग्णाला गाल फुगवायला सांगून स्कॅन करतात. मध्ये हवा शिरली की दोन्ही पृष्ठभाग सुटे दिसतात. ही युक्ती २००१ पासून रेडिओलॉजीच्या साहित्यात आहे आणि तिला जास्तीचं यंत्र लागत नाही. पण गाल फुगवलेल्या आणि न फुगवलेल्या स्कॅनवर आखलेली हद्द सारखी असेल का? त्यात दातांत धातू भरलेला असेल तर चित्रावर पट्टे उमटतात, आणि ते नेमके तोंडातच. व्होक्सेलच्या किमतीच बिघडल्या, तर त्यांवरून काढलेल्या पोताला काय अर्थ?

तिसरी, यंत्रं आणि कागद. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासलेला रुग्ण पुढे सावंगी, सेवाग्राम, नागपूर किंवा थेट मुंबईला टाटात जाऊ शकतो. सीटी एकीकडे होतो, शस्त्रक्रिया दुसरीकडे. काप एका ठिकाणी एक मिलिमीटरचा, दुसरीकडे पाचचा. कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर किती सेकंदांनी स्कॅन घेतला, तेही वेगळं. आणि रुग्णाच्या पिशवीत काय असतं? पाकिटातल्या फिल्म. सीडी असली तर नशीब. फिल्मवरून पोताची मापं निघत नाहीत.

मापांच्या व्याख्या तरी सगळीकडे सारख्या असाव्यात म्हणून आयबीएसआय नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला. २०२० मध्ये त्यांनी १७४ पैकी १६९ मापांच्या प्रमाणित किमती ठरवून दिल्या. हे मोठं काम आहे. पण प्रमाण सूत्र मिळालं म्हणजे प्रमाण स्कॅन मिळाला असं नाही.

चौथी अडचण सगळ्यात अवघड, ती म्हणजे रुग्ण नंतर येत नाही. जगण्याचा अंदाज बांधायचा तर तो किती जगला हे माहीत हवं. उमरखेडच्या पलीकडच्या गावातला माणूस पेरणीच्या दिवसांत नागपूरला फेरतपासणीला येईल का? जो आला नाही तो बरा झाला की गेला? मॉडेलसाठी दोघेही सारखेच, 'संपर्क तुटला'. आणि संपर्क तुटणं योगायोगानं होत नाही. गरिबी आणि अंतर ठरवतात कोणाचा तुटणार. असा डेटा मॉडेलला दिला, तर ते रोगाबरोबर एसटीचं वेळापत्रकही शिकेल.

मग तुम्ही काय करायचं

माझा आग्रह असा आहे. साठ रुग्ण, चारशे मापं आणि एक 'एआय मॉडेल' असा प्रबंध लिहू नका. साठ रुग्णांत चारशे मापं शोधली तर काही ना काही नक्की जुळतं, आणि ते पुढच्या साठांत जुळत नाही. प्रश्न लहान घ्या, उत्तर पक्कं द्या.

लहान प्रश्न म्हणजे कमी दर्जाचा नाही. टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता : तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ लागत नाही, तर मानेच्या ग्रंथी आत्ताच काढायच्या की गाठ दिसल्यावर? २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण घेतले. लगेच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. हा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये २०१५ मध्ये आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. त्यात एकही वेव्हलेट नव्हतं.

आपल्याकडे शस्त्रक्रिया होते, ही संशोधनासाठी मोठी जमेची बाजू आहे. किरणोपचारात ट्यूमर हातात येत नाही, इथे तो पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतो. म्हणजे सीटीनं जे सांगितलं ते खरं होतं का, याचं उत्तर काही दिवसांत मिळतं, पाच वर्षं थांबावं लागत नाही. एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीपासून ट्यूमर किती खोल गेलाय हे मिलिमीटरमध्ये टी-वर्गात धरलं जातं, ५ आणि १० मिलिमीटर हे त्यातले टप्पे. मग विचारा : गाल फुगवून केलेल्या सीटीवर मोजलेली खोली आणि पॅथॉलॉजीतली खोली किती जुळते? दोन रेडिओलॉजिस्टनी वेगवेगळं मोजलं तर? फॉर्मॅलिनमध्ये नमुना आक्रसतो, त्याचा हिशेब कसा धरायचा? साठ रुग्णांत याचं प्रामाणिक उत्तर देता येतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सर्जनच्या कामी येतं.

तरीही रेडिओमिक्सच करायचं ठरवलं असेल, तर पहिल्या दिवसापासून हे पाळा :

१. फक्त आकारमानाचं मॉडेल आधी बनवा. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर तसं लिहा. तोही निकालच आहे.
२. निवडलेल्या प्रत्येक मापाचा आकारमानाशी सहसंबंध तक्त्यात द्या.
३. व्होक्सेल पिसून पुन्हा चालवा, आणि ही चाचणी कोणत्या मापांना लागूच होत नाही तेही सांगा.
४. यंत्र, कापाची जाडी, कॉन्ट्रास्टची वेळ, गाल फुगवला की नाही, दातांत धातू होता का, हे प्रत्येक रुग्णासाठी नोंदवा. मागाहून हे मिळत नाही.
५. किती रुग्ण वगळले आणि का, ते मोजून द्या. संपर्क तुटलेले कोणत्या तालुक्यातले, हेही बघा.

आणि कोणताही पेपर वाचताना एक प्रश्न खिशात ठेवा : हे जे मोजल्याचा दावा आहे, त्याऐवजी सोपं काय मोजलं गेलं असेल? व्हायवाला परीक्षक हाच प्रश्न विचारेल. त्याच्या आधी तुम्ही तो स्वतःला विचारा, कारण तुमच्या मॉडेलच्या आकड्यावरून उद्या दारव्ह्याच्या एखाद्या माणसाचा गाल कापायचा की नाही, हे ठरू शकतं.

शंका असतील तर कळवा. मास्ट्रिख्टचा फुप्फुसाचा डेटा खुला आहे, कॅन्सर इमेजिंग अर्काइव्हवर मिळतो. डाउनलोड करा, एनर्जी आणि आकारमानाचा आलेख काढा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.